दर शंभर ग्रॅममागे

४ फेब्रुवारी

दुकानवालीनं बरणी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाली, “पाठ कोरी आहे हिची.”

पुढची बाजू मी रंगवलेली! तीन दिवस खपून. बायकोचं, म्हणजे हिचं, नाव, आडनावासकट, लाल अक्षरांत, खाली सोनेरी सावली. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली, पण एवढी नाजूक अक्षरं कधी काढली नव्हती. दुकानवाली त्याला “छान” म्हणाली, आणि पुन्हा पाठ बघायला लागली.

“आजी, पोषणमूल्यं लागतात. ऊर्जा किती, प्रथिनं किती, सोडियम किती. दर शंभर ग्रॅममागे. त्याशिवाय मला ठेवता येत नाही.”

ही म्हणाली, “मसाला आहे हो. औषध नाही.”

“तरी लागतं.”

मग तिनं जागा दाखवली. दुकानात एकच रिकामी जागा — बिनमिठाच्या पदार्थांची फळी. रक्तदाबवाली गिऱ्हाइकं तिथूनच घेतात, म्हणे. “मीठ नसेल तर इथे बसेल. पंधरा मार्चला फळी नव्यानं लावणार आहे, तोवर आणा. बाकी सगळं भरलंय.”

ही ताठ झाली. “माझ्या मसाल्यात मिठाचा कण नाही!”

परत येताना ही माझ्या चार पावलं पुढे. चिडली म्हणजे भरभर चालते. पण कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, “अहो, फळी चांगली आहे नाही? डोळ्यांच्या उंचीची.”

एकाहत्तराव्या वर्षी काहीतरी हवंसं वाटलंय हिला. मिळालं पाहिजे.

५ फेब्रुवारी

सूनबाईनं मोहीम हातात घेतली. ती सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, दुपारनंतर घरी. मुलगा बोटीवर, चार-चार महिने समुद्रात. तेव्हा घरात आम्ही तिघंच, आणि तिघांत हिशेब येणारी ती एकटी.

“सोप्पं आहे आई. प्रत्येक जिन्नसाच्या शंभर ग्रॅममध्ये काय काय असतं, त्याचे तक्ते मिळतात. आपण किती घालतो ते सांगायचं, गुणायचं, बेरीज मारायची, एकूण वजनानं भागायचं. बोला. धणे किती?”

“ते निळं पातेलं भरून. वर जरा.”

“जरा म्हणजे?”

“जरा म्हणजे जरा!”

“तीळ?”

“दिसतील इतके.”

“जिरं?”

“जिऱ्याचं काही सांगू नकोस बाई. जिरं जिऱ्यावर असतं.”

सूनबाईनं पेन खाली ठेवलं. मला हसू आवरेना. हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडून बसलो — उलटं!

७ फेब्रुवारी

काय डोकं आहे पोरीचं! ती म्हणाली, आईंना मोजायला सांगायचंच नाही. सांगितलं की हात बावरतो. त्याऐवजी डबेच मोजायचे — आधी एकदा, मग एकदा. मधल्या वेळात आईंनी नेहमीसारखं करायचं. डब्यातून जेवढं कमी झालं तेवढं पातेल्यात गेलं.

काल सात डबे ओळीनं मांडले. धणे, सुकी मिरची, जिरं, तीळ, मिरी, दालचिनी, लवंग. प्रत्येकाच्या बुडाशी कागदाची चिठ्ठी. ही म्हणाली, “लग्न लावताय का ह्यांचं?”

तीन दिवसांत तीनदा नुसतं काढायचं आणि परत भरायचं, म्हणजे सरासरी येईल. पहिल्या खेपेला धणे आठशे चाळीस भरले, दुसऱ्या खेपेला सातशे साठ. कारण पहिल्या खेपेला ही शेजारणीशी बोलत होती! बोलता बोलता हात सैल सुटतो हिचा. दुसऱ्या खेपेला अबोला होता. माझ्याशी. (ते वर्तमानपत्र.)

९ फेब्रुवारी

सरासरी ठरली. सात जिन्नस मिळून एकोणीसशे सत्तर ग्रॅम. आकडा म्हणून बघितला, पण मला तो एखाद्या साली काहीतरी सुंदर घडलं असावं तसा वाटला.

१० फेब्रुवारी

आज खरं भाजणं.

मी बाहेरच्या खोलीत खिडकीशी. भाजण्याच्या दिवशी माझी जागा तीच. आत कढईचा आवाज — धणे तडतडतात तो वेगळा, तीळ उडतात तो वेगळा. डोळे मिटले की शाळेत बसल्यासारखं वाटतं. तिसरीच्या बाई आम्हाला कविता म्हणायला लावायच्या ते फळ्यावर डस्टर आपटत. चाल चुकली की डस्टर थांबायचं. ते थांबणं अजून ऐकू येतं मला. हिची कढई तशीच चालते, डस्टरच्या ठेक्यात.

आणि तो वास! आधी धण्यांचा, शांत, ओल्या मातीवर ऊन पडावं तसा. मग दालचिनीचा गोडवा, मग मिरीची चिमटी. सगळ्यात शेवटी मिरची. वर्षानुवर्षं हाच क्रम. मी इथे बसून सांगू शकतो, आत आता काय चाललंय.

झाल्यावर ही नेहमीसारखी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी हुंगतो, मान डोलावतो, म्हणतो — “जमलं!” तेव्हाच झाकण लागतं. घरातलं नाक म्हणजे मी. हा मान मला हिनंच दिलाय, आणि पाट्यांसाठी मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठा आहे.

सूनबाई प्रत्येक जिन्नस भाजल्यावर पुन्हा वजन करत होती. धणे घटले, जिरं घटलं, तीळ घटले. सगळ्यांचं पाणी उडालं. मिरची मात्र सहाशेची सहाशे!

“ही कशी घटली नाही?” तिनं दोनदा काटा पुसला.

मी म्हटलं, “जात तिखट आहे. सहजासहजी हार मानत नाही.”

तिनं लिहून घेतलं. मिरचीपुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

१२ फेब्रुवारी

आकडे आले! दर शंभर ग्रॅममागे ऊर्जा तीनशे अडतीस किलोकॅलरी. प्रथिने साडेबारा. मी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रथिने म्हणताना हिचा चेहरा असा खुलला जणू तीही हिनंच निवडून भाजली होती.

“एवढी प्रथिनं आहेत माझ्यात?”

“तुमच्यात नाही आई, मसाल्यात.”

“तेच ते.”

१३ फेब्रुवारी

कालचे आकडे चुकले! सूनबाईलाच सकाळी दात घासताना आठवलं. तोंडात फेस तसाच ठेवून धावत आली. काय बोलली ते कळलं नाही, पण हातवाऱ्यांवरून मोठं होतं.

चूक अशी — तिनं भागलं कच्च्या वजनानं. पण बरणीत जातो तो भाजलेला, दळलेला, चाळलेला मसाला. तो एकोणीसशे सत्तर नाही, अठराशे पन्नास. “पाणी उडून गेलं बाबा, पण प्रथिनं थोडीच उडतात? ती तेवढीच राहिली, कमी जागेत. दाटीवाटीनं.”

म्हणजे ऊर्जा तीनशे साठ. प्रथिने तेरा पूर्णांक तीन. स्निग्ध पदार्थ सतरा पूर्णांक सात. सोडियम जेमतेम सत्तर मिलिग्रॅम, तेही जिन्नसांचं अंगचं.

मी दिवसभर त्या एका वाक्यावर बसलो आहे. पाणी उडतं आणि उरलेलं दाटतं! म्हातारपणाबद्दल इतकं चांगलं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं कुणी, तर तोंडात टूथपेस्ट असलेल्या पोरीनं.

१४ फेब्रुवारी

मागची चिठ्ठी मीच रंगवीन म्हटलं. बारीक कुंचला काढला. पण नऊ ओळी अंगठ्याएवढ्या जागेत! “कर्बोदके” लिहिता लिहिता ‘र्बो’चं भलतंच काहीतरी झालं. सूनबाई म्हणाली, “बाबा, पुढची तुमची, मागची यंत्राची. चालेल?” चालेल. कलेनं कुठे थांबावं हे कळणं हीही कला.

पण त्या ओळींना चाल आहे, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलेलं नाही. म्हणून पाहिलं —

ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके,
साखर थोडी, तंतू निके,
स्निग्ध जरासे, सोडियम कमी,
शंभर ग्रॅमची घेतो हमी!

बाईंचं डस्टर कुठेही थांबलं नसतं. ही स्वयंपाकघरातून ओरडली, “झालं का तुमचं?” म्हणजे आवडलं.

१५ फेब्रुवारी

दुकानवालीचा निरोप. बाकीचे आकडे गणितानं काढलेले चालतील, पण बिनमिठाच्या फळीसाठी सोडियम प्रयोगशाळेतून तपासून हवं. सूनबाई छोटी पुडी घेऊन स्वतः देऊन आली. “सत्तरच येणार, बघा,” म्हणाली. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी दिसत होती.

१७ फेब्रुवारी

हिचं मनगट दुखतंय, म्हणून आज थोडासा मसाला सूनबाईनं करून पाहिला. पहिल्यांदाच. मिरची तेवढी हिनं आधी भाजून ठेवलेली होती. चिमूट माझ्या तळहातावर आली. मी डोळे मिटून हुंगली. “जमलं!” म्हटलं. “हुबेहूब!”

पोरीचा चेहरा! पण हिनं चिमूट घेतली, हुंगली, आणि तो सगळा बाजूला काढून ठेवला. “जिरं जरा पुढे गेलंय. पुन्हा करू.”

“पण बाबा तर म्हणाले—”

“ह्यांचं मन मोठं आहे,” ही म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता कढई घासायला घेतली.

खरंच, हिची नजर वेगळीच. चांगलं मोडून त्याहून चांगलं करायचं! सूनबाईनं तोंड पाडलं नाही, पुन्हा भाजायला लागली. ह्या दोघींच्या मध्ये राहायला मिळणं हे माझ्या कर्तृत्वाच्या मानानं जास्तच झालं.

२१ फेब्रुवारी

दुपारी प्रयोगशाळेतून फोन. सूनबाईनं आकडा कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिली. सोडियम — अकराशे तीस.

सत्तर नव्हे. अकराशे तीस!

“चुकून दुसऱ्याची पुडी तपासली असेल,” मी म्हटलं.

“विचारलं मी. दोनदा तपासलीय त्यांनी.”

ही हात पुसत आली. सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मी खोटं बोलले? दुकानात उभी राहून?”

“तसं नाही आई, माझंच काहीतरी—”

“मिठाचा कण नाही म्हटलंय मी.”

पोरगी तक्ते पुन्हा पुन्हा तपासत बसली आहे. जिऱ्याचं सोडियम, लवंगेचं सोडियम. तिला वाटतंय तिच्या बेरजेनं सासूला खोटं पाडलं.

२२ फेब्रुवारी

उलगडलं! नीट लिहून ठेवतो.

सूनबाई म्हणाली, “आई, आज परत भाजा. मी काही मोजत नाही, नुसती उभी राहते.” मी दाराशी खुर्ची घेतली. धणे झाले. जिरं, तीळ, सगळं झालं. मिरची कढईत पडली — आणि हिचा डावा हात आपल्या आपण मागच्या फळीवर गेला. तिथल्या डब्यातून मूठ भरली आणि मिरचीवर भिरकावली. बघितलंसुद्धा नाही तिकडे!

“आई! हे काय?”

“काय काय?”

“हे आत्ता टाकलंत ते!”

“मीठ.”

“मीठ! तुम्ही म्हणालात कणसुद्धा नाही!”

“मसाल्यात कुठे टाकलं? मिरचीवर टाकलं. भाजताना खकाणा उठू नये म्हणून. ते काय मसाल्यात धरायचं?”

“मग ते जातं कुठे?”

हिनं कढईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. “बाई गं! जातं कुठे!”

आम्ही इतके हसलो की मिरची करपली.

मिठाचा डबा त्या सातांच्या ओळीत नव्हताच ना! तो मागच्या फळीवर, रोजच्या स्वयंपाकाचा. त्याच्या बुडाशी चिठ्ठी नव्हती. सूनबाईनं मूठ मोजली — पन्नास ग्रॅम. मग मिरचीपुढचं प्रश्नचिन्ह पुसलं. मिरचीचंही पाणी उडालंच होतं, पन्नास ग्रॅम. तेवढीच मिठाची भर पडली, म्हणून काटा हलला नाही. अठराशे पन्नासमध्ये पन्नास ग्रॅम मीठ — तिनं गुणून पाहिलं आणि उत्तर आलं बरोब्बर अकराशे तीस. गणित बरोबर, काटा बरोबर, प्रयोगशाळा बरोबर, आणि हीसुद्धा खोटी नाही!

मी विचारलं, “कधीपासून टाकतेस?”

“पहिल्या उन्हाळ्यापासून. तुम्ही खोकून खोकून निळे पडला होतात, आठवतं? रंगाच्या वासानं छाती आधीच नाजूक, त्यात मिरची. मला वाटलं, गेला हा माणूस. मग कुणीतरी सांगितलं, मीठ टाक.”

आठवतं. तेव्हा आम्ही एका खोलीत राहत होतो. मी जिन्यात बसून खोकत होतो आणि ही नवी नवरी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, हात तिखटाचा, म्हणून शर्टसुद्धा झोंबत होता!

म्हणजे आजवर प्रत्येक घासाला माझ्या खोकल्याचं औषध होतं. कवितेत असं कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, अतिशयोक्ती.

२३ फेब्रुवारी

दुकानवालीला सूनबाईनं खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “प्रामाणिकपणे सांगितलंत हे बरं केलंत. पण अकराशे तीस मला त्या फळीवर ठेवता येणार नाही. मीठ काढा, मी ठेवते.”

साधी गोष्ट. मूठ टाकायची नाही. झालं.

पण ही “नाही” म्हणाली.

“आई, खिडक्या उघड्या ठेवू. पंखा लावू.”

“नाही.”

“बाबा खालच्या बागेत बसतील तेवढ्या वेळ.”

“रोज भाजायचं म्हटलं तर रोज बागेत बसवू ह्यांना? म्हाताऱ्या माणसाला? एखाद्या दिवशी नेमके घरात असले आणि मी बिनमिठाची भाजली, तर?”

“तर खोकतील थोडे.”

“नको,” ही म्हणाली. आवाज वेगळाच होता, घाबरल्यासारखा. “राहू दे ते दुकान. नाही ठेवली बरणी म्हणून काही बिघडत नाही.”

बिघडतं! हिला ती फळी किती हवी आहे हे मला ठाऊक आहे. काल भाजी आणायला म्हणून गेली आणि दुकानापाशी उभी राहून आत बघत होती. मी लांबून पाहिलं. आणि आज ती सगळी फळी हिनं माझ्या खोकल्यावरून ओवाळून टाकली!

असं माणूस माझ्या वाट्याला कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

ठरवलं. मी काय नुसता ओवाळून घ्यायला बसलोय?

सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं — भाजण्याच्या दिवशी मी घरात राहणार नाही. वाचनालय आहे. सकाळी जाईन, सगळा वास निवल्यावर संध्याकाळी येईन. जुनी क्रमिक पुस्तकं तिथे एका कपाटात आहेत, मला ती पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायचीच होती. म्हणजे त्याग वगैरे काही नाही, चैनच!

वाटलं होतं ही वाद घालेल. हिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“नक्की जाल? मध्येच नाही ना येणार?”

“शब्द.”

“डबा देते. जेवायलासुद्धा येऊ नका.”

“बरं.”

“मग चालेल,” म्हणाली, आणि लगेच उठून डबे पुसायला लागली. सूनबाईनं टाळीच वाजवली. मला जरा — कसं सांगू — एवढ्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं! थोडा आग्रह करायला हवा होता राहा म्हणून.

२७ फेब्रुवारी

आज पहिला बिनमिठाचा मसाला. मला सकाळीच बाहेर काढलं. हिनं डबा दिला, पाण्याची बाटली दिली, मफलर दिला. जिन्यापर्यंत आली आणि मी वळून पाहिलं तर अजून उभी. मी खरंच जातोय ना, ते बघत!

वाचनालयात दुसरीचं पुस्तक सापडलं. पानांचा तोच तो जुना वास, किंचित आंबूस, पावसात भिजून वाळलेल्या दप्तरासारखा. बाकावर बसलो आणि ओठ न हलवता सगळ्या कविता म्हटल्या. एका पानावर कुणा पोरानं नदीत होडी काढली होती. बहुतेक मुलांना नदी दिसली की होडी सुचते. मला पाटी सुचायची — ‘येथे पोहू नये.’

संध्याकाळी घरी आलो तर खिडक्या सताड उघड्या, सूनबाईचे डोळे लालबुंद. “बाबा, तुम्ही नव्हतात ते फार बरं झालं! काय ठसका! शेजारच्या काकू भांडायला आल्या आणि भांडायच्याऐवजी खोकूनच गेल्या!”

चिमूट माझ्या तळहातावर आली. ही बघत होती. “जमलं,” म्हटलं. मीठ नाही हे कळतसुद्धा नाही.

६ मार्च

प्रयोगशाळेचा फोन — सोडियम त्र्याहत्तर! मीठ गेलं तसं वजन अठराशेवर आलं, म्हणून सूनबाईनं पुन्हा भागलं होतं — प्रथिने तेरा पूर्णांक सात, सोडियम बहात्तर. एका मिलिग्रॅमचा फरक! सूनबाई स्वयंपाकघरात गोल फिरली. ही म्हणाली, “तो एक माझा घाम असेल.”

१४ मार्च

बरणी फळीवर बसली.

तिघं मिळून गेलो. दुकानवालीनं स्वतः जागा करून दिली, डोळ्यांच्या उंचीवर. बारा बरण्या, बाराही तोंडं पुढे. हिचं नाव बारा वेळा, लाल अक्षरांत. सोनेरी सावली उजेडात अशी काही उठून दिसली की मीच मला शाबासकी दिली.

हिनं एका बरणीला हात लावला, तिची पाठ फिरवली, आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचायला लागली. नऊच्या नऊ ओळी. ओठ हलत होते. “प्रथिने तेरा पूर्णांक सात,” असं हळूच म्हणाली, तेव्हा दुकानात आलेल्या एका बाईनं विचारलं, “चांगला आहे का हो हा मसाला?”

ही गोंधळली. म्हणाली, “मला काय विचारता?”

सूनबाई म्हणाली, “त्यांनाच विचारा! नाव वाचा वरचं!”

बाईनं नाव वाचलं, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. आणि एक बरणी पिशवीत टाकली. हिचा हात माझ्या बाहीवर होता, त्याची पकड मला अजून जाणवते आहे.

येताना ही चार पावलं मागे. रमत गमत. हे मी पहिल्यांदाच बघितलं.

सूनबाईबद्दल काय लिहू? तिनं हिच्या मुठीला आकडा दिला, पण मूठ हिचीच राहू दिली. मुलगा बोटीवरून फोनवर विचारत होता, “सगळं कसं चाललंय?” मी म्हटलं, “तू ये सावकाश. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही!”

२१ मार्च

बाराही बरण्या संपल्या. दुकानवालीला आणखी हव्यात. परवा भाजणं, सूनबाईनं रजा काढलीय. मी वाचनालयात — तिसरीचं पुस्तक!

२३ मार्च

वाचनालयापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, चष्मा घरीच. परत फिरलो. जिन्यात शेजारच्या काकू तोंडाला रुमाल लावून खोकत खाली चाललेल्या. दार उघडं. सूनबाई खिडकीतून अर्धी बाहेर, श्वास घेता येत नव्हता तिला. कढईत मिरची.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो, ठसक्याची वाट बघत. आला नाही. आत गेलो. कढईवर वाकलो, चांगला खोल श्वास घेतला. डोळे चुरचुरले तेवढेच. बाकी काही नाही. गरम हवा. पाण्याच्या वाफेला असतो तेवढासुद्धा वास नाही. शेजारीच दालचिनीचा डबा होता, तो नाकाला लावला. बिनवासाचं लाकूड.

ही बघत होती. नव्यानं बघितल्यासारखी नाही.

“आज मीठ टाकलंय मी,” घाईघाईनं म्हणाली. “विसरून. म्हणून तुम्हाला ठसका नाही आला.”

सूनबाई खिडकीत खोकतच होती.

“तरीच!” म्हटलं. चष्मा घेतला आणि निघालो.